बाजूवालीच्या अंगात आलं

माझं पोट हा आमच्या घरात कायम चर्चेचा विषय राहिला आहे. लग्नाआधी आई म्हणायची, पोट आत घे, पाहुणे बघायला येतायत. लग्नानंतर ब्लाउज शिवणारी म्हणायची, वहिनी, जरा श्वास आत घ्या म्हणजे माप नीट येईल. मुलगी झाल्यावर तर फोटो काढणारा जो तो आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग सांगायचा, थोडं तिरकं उभं राहा. चाळिशी ओलांडली तरी मी आपली पोट आत घेऊनच उभी. त्यामुळे सुरतेच्या त्या नाच शिकवणाऱ्या मुलीनं पहिल्याच दिवशी "पेट ढीलुं मूको, मासी," म्हणजे पोट सैल सोडा, असं सांगितलं तेव्हा मला एकदम रडू आलं. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, माझी कंबर लचकली.

सुरतेला मी गेले होते मोठ्या बहिणीसाठी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला उठबस करवायला घरचं कोणी हवं होतं. आमच्याकडून सुरत म्हणजे काही परदेश नाही, नवापूर ओलांडलं की अर्धं गुजरातीच बोलणं सुरू होतं. आमची मुलगी नाशिकला शिकायला गेलेली, नवरा साखर कारखान्यात पॅनमन, म्हणजे उसाच्या रसाचा पाक जिथं शिजून दाणेदार होतो त्या भागात कामाला. उन्हाळ्यात गाळप बंद असतं, तेव्हा माझा मी स्वयंपाक करून खाईन म्हणाला. मी मोकळी होते. बहीण दुपारची झोपली की त्या फ्लॅटमध्ये मी आणि पंखा. भाचीला माझी दया आली असावी. सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये बायकांचा बेली डान्सचा क्लास चालायचा, तिथं तिनं मला ओढत नेलं. मी म्हटलं, अगं, मी त्या हॉलच्या दारात चप्पल काढायलासुद्धा लाजेन. ती म्हणाली, मग चप्पल घालून नाच.

त्या क्लासात बँकेत नोकरी करणाऱ्या होत्या, खाखऱ्याचा धंदा करणाऱ्या होत्या, एक तर नातवाला बाहेर बाकावर बसवून यायची. सगळ्यांची पोटं माझ्याचसारखी. शिकवणारी मुलगी जेमतेम माझ्या मुलीपेक्षा मोठी. ती कंबरेला नाण्यांचा पट्टा बांधायची, चकचकीत खोट्या नाण्यांच्या रांगा असलेला, आणि कंबर उजवी-डावीकडे टाकली की ती नाणी नेमकी ठेक्यावर वाजायची. गुडघे भराभर पुढेमागे करून कंबर थरथरवण्याचा एक प्रकार असतो, तो तिचा फार सुंदर व्हायचा. मला वाटलं, हे काही आपल्याला या जन्मी जमत नाही. पण कंबर आपली, वर्षानुवर्षं कडेवर पोर आणि पाण्याची घागर घेतलेली, हळूहळू ऐकायला लागली. माझी पाठ दुखायची थांबली. मी घरी भाकरी थापतानासुद्धा गुणगुणायला लागले. बहीण म्हणाली, ऑपरेशन माझं झालं आणि चालायला तू लागलीस.

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला लोकांसमोर उभं राहता येत नाही. माझं माहेर तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या खेड्यातलं. घरी आम्ही अहिराणी बोलायचो, शाळेतली मराठी म्हणजे पाठ करून म्हणायची गोष्ट. पाचवीत असताना झेंडावंदनाला मला भाषण दिलं होतं. "अध्यक्ष महोदय" एवढं म्हटलं आणि पुढचं सगळं भाषण डोक्यातून उतरून पायांत गेलं. पाय असे लटलटायला लागले की समोरची मुलं बोट दाखवायला लागली. तेव्हापासून माणसं समोर बसलेली दिसली की माझे पाय आपलं आपलं बघतात. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा मी नवऱ्याचं नावच विसरले. त्यानंच कानात सांगितलं स्वतःचं नाव, आणि तेही इतक्या मोठ्यानं की सगळा मांडव हसला. सासरी अजूनही कोणाचं लग्न निघालं की तो किस्सा निघतोच.

तर सुरतेच्या सोसायटीचा वार्षिक कार्यक्रम होता आणि आमच्या क्लासचा एक नाच ठेवलेला. मी नाही म्हणत होते, पण मला सगळ्यात मागच्या रांगेत ठेवायचं कबूल झालं म्हणून हो म्हटलं. पडदा उघडला. गाणं सुरू व्हायला थोडा वेळ लागला, गाणी लावणाऱ्या माणसाचा पेनड्राइव्ह चालेना. आम्ही सगळ्या पुतळ्यासारख्या उभ्या. आणि त्या शांततेत एकच पट्टा वाजायला लागला. माझा. पाय लटलटत होते आणि कंबरेवरची नाणी त्याची बातमी अख्ख्या हॉलला देत होती. मी जितकं थांबवायला गेले तितकं ते वाढलं. पुढच्या रांगेतलं एक पोर हसलं, मग त्याची आई हसली, मग हसू मागे मागे सरकत गेलं. गाणं सुरू झालं तेव्हा मी स्टेजवर नव्हतेच. मागे खुर्च्यांच्या चळती रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या आड मी पट्टा सोडायची धडपड करत बसले होते आणि गाठ काही सुटत नव्हती.

नाच संपल्यावर ती मुलगी मला शोधत आली. तिनं पट्टा सोडला नाही. शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ध्रूजवा दो ने, मासी. लोको ध्रूजवानुं शीखवा फी भरे, तमने तो मफतमां मळ्युं." थरथरू द्या की, लोक थरथरायला शिकण्यासाठी फी भरतात, तुम्हाला फुकटात मिळालं. मला तिचा राग आला. माझी शोभा झाली आणि हिला विनोद सुचतायत. मी तिच्याशी नीट बोललेसुद्धा नाही. पुढच्या वेळी एकच चेहरा निवडा आणि त्याच्याकडेच बघून हसा, असंही ती म्हणाली. मी मनात म्हटलं, पुढची वेळ येतेय कशाला. निघताना तिनं तो पट्टा मला देऊन टाकला. घेताना मी आभार मानले, पण ते तोंडदेखले होते. खरे आभार मी आता मानते आहे, इतक्या उशिरा, आणि ते तिच्यापर्यंत पोचावेत असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात मी पुरुषोत्तमनगरला, आमच्या कारखान्याच्या कॉलनीत, परत आले. आमचं क्वार्टर कॉलनीच्या कडेला आहे. मागे छोटं अंगण, त्यात तुळस, कढीपत्ता आणि कपडे वाळवायची दोरी. शेजारच्या क्वार्टरशी अर्ध्या उंचीची भिंत सामाईक. नवरा पहिल्या पाळीला गेला की मी मागचं दार लोटायची, मोबाइलवर बारीक आवाजात गाणं लावायची आणि पट्टा बांधायची. लोकांसमोर नाही तर नाही, तुळशीसमोर काय हरकत आहे? पट्ट्याची बरीच नाणी सुरतेच्या त्या ओढाताणीत तुटली होती. नवरा काही कामानं तळोद्याला गेला तेव्हा तिथल्या बाजारातून मूठभर घुंगरू घेऊन आला, होळीला सातपुड्यातले नवसाचे पुरुष कमरेला बांधून नाचतात तसले. दुकानदारानं त्याला विचारलं म्हणे, नवस कोणाचा? हा म्हणाला, बायकोचा. मी ते घुंगरू नाण्यांच्या मधेमधे ओवले. आवाज आता अर्धा सुरतेचा आणि अर्धा डोंगरातला येत होता, आणि मला तो आधीपेक्षा जास्त आवडला.

हिवाळा आला, गाळप सुरू झालं. रस्त्यानं उसाच्या गाड्या, हवेत मळीचा गोडसर वास, पाळी बदलताना भोंगा. अशाच एका सकाळी मी अंगणात तो थरथरण्याचा प्रकार करत होते. डोळे मिटलेले, केस सुटलेले, कारण नुकतीच न्हाले होते. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच माझी कंबर त्या दिवशी ठेक्याला नीट लागली. थांबवावंसं वाटेना. तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला.

भिंतीपलीकडे जिजी राहतात. वयानं आमच्या सगळ्यांच्या आईसारख्या, मुलाजवळ कॉलनीत आलेल्या, सगळी कॉलनी त्यांना जिजीच म्हणते. दर श्रावणात त्यांच्या घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. गोऱ्यापान, ठेंगण्या, आणि जिभेला हाड नाही. त्या कढीपत्ता मागायला भिंतीशी आल्या होत्या आणि हातातलं भांडं टाकून घरात पळाल्या होत्या. मी थांबून दम घेते तोवर त्या पुढच्या दारानं फिरून माझ्या मागच्या दारात उभ्या. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, कपाळभर कुंकू भरलं आणि हात जोडले.

"कोन शेस तू, माय?"

मला इतका दम लागला होता की धड बोलता येईना. मी म्हटलं, "जिजी, मी आहे. बाजूवाली."

जिजींनी समजूतदारपणे मान हलवली. "पहिले सगळ्या आसंच म्हनतस."

मी पट्टा दाखवला, मोबाइल दाखवला, सुरत सांगितली. जिजींनी सगळं ऐकून घेतलं, जसं तापात बरळणाऱ्या पोराचं ऐकून घेतात. मग म्हणाल्या, "तू कितलं बी नही म्हन, मन्हा डोयाघाई देखेल शे." माझ्या डोळ्यांनी बघितलंय म्हणे. आणि पाया पडून गेल्या. मी कपाळाचं कुंकू पुसत होते तोवर भिंतीपलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला, फोनवर सुनेच्या आईला सांगत होत्या.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याला ही बातमी गेटवरच कळली होती. दारात उभा राहून म्हणाला, "आते माले बी पाय पडनं पडी का?" मी लाटणं उचललं. तो हसत हसत हातपाय धुवायला गेला. आमच्या भागात कमरेला घुंगरू बांधून पुरुष नाचला तर तो नवस, आणि बाईनं बांधले तर तिच्या अंगात आलं, असं मी त्याला ऐकवलं. तो साबण लावलेल्या तोंडानं म्हणाला, बरोबर आहे, मग उद्यापासून मी बांधतो.

पहिले एक-दोन दिवस मला मजाच वाटली. मग मंगळवारी सकाळी दारात बायका. एकीच्या हातात नारळ होता. "मन्ही म्हैस गाभन ऱ्हायत नही, माय," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, जनावरांच्या डॉक्टरला दाखव, माझ्या अंगात काही येत नाही, मी नाच शिकतेय. तिला राग आला. देवी आली असताना नाही म्हणणारी बाई म्हणजे माजलेली बाई. जाताना उंबऱ्यावर नारळ ठेवून बोललीच, "देवीले घरमा कोंडी ठेवू नही." मला हसू आवरेना. दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले.

पण तिच्यामागे एक तरुण मुलगी उभी होती, ती गेली नाही. कॉलनीतलीच सून, लग्नाला काही वर्षं झालेली, मूल नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कारण कॉलनीत सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. ती नुसती वाकली आणि माझ्या पावलांवर डोकं ठेवून राहिली. माझे पाय ओले झाले. मी तिला उठवलं, चहा केला. तिला सांगितलं, अगं, माझ्याकडे काही नाही, खरंच नाही. ती चहा पिताना माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, जणू मी अजून थोड्या विनवण्यांची वाट बघतेय. ती गेल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हशीवालीची गोष्ट वेगळी होती. या पोरीनं मात्र माझ्या अंगणातल्या एका सकाळवर आशा टांगली होती, आणि मी तोंडानं कितीही नाही म्हटलं तरी ती उतरत नव्हती. ती उतरवायचा एकच मार्ग दिसत होता. जे जिजींनी चोरून बघितलं ते सगळ्यांना उघड बघू द्यायचं, नाच म्हणून, नाव सांगून, गाणं लावून.

संक्रांतीनंतर कॉलनीतल्या बायकांचं हळदीकुंकू असतं, हॉलमध्ये, दुपारचं. उखाणे, संगीत खुर्ची, कोणी गाणं म्हणतं. मी मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे जाऊन नाव दिलं. त्यांनी विचारलं, काय म्हणून सांगू? मी म्हटलं, बेली डान्स. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाल्या, "मी अरब देशातला बायकांचा नाच असं म्हणते. चालेल ना?" मी म्हटलं, पळेल.

घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले आहे. सुरतेत माझी फजिती झाली ती परक्यांसमोर. इथं समोर बसणाऱ्या बायका मला रोज भाजी घेताना भेटणार होत्या. आणि पाय लटलटले, पट्टा नुसताच वाजला आणि मी खिळून राहिले, तर त्याला कोणी भीती म्हणणार नव्हतं. सगळ्या म्हणाल्या असत्या, बघा, आली. ती पोर तर पुढं येऊन पायच धरणार. म्हणजे या वेळी नुसतं पळून जाऊन भागणार नव्हतं. पट्टा बांधणं तर गेलंच असतं, पण कॉलनीत माझं नावही गेलं असतं, मी बाजूवालीची देवी होऊन बसले असते. नवऱ्याला हे सांगितलं तर तो गंभीर झाला, जे क्वचित घडतं. म्हणाला, नाही जमलं तर मी काय तुला घराबाहेर काढतोय? मी म्हटलं, हॉलमध्ये पुरुषांना मनाई आहे म्हणून तुला हे बोलणं सुचतंय.

कार्यक्रमाच्या दिवशी काळा, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घातला, त्याखाली मुलीचा जुना गरब्याचा घागरा, आणि वर पट्टा. पोट झाकलेलं होतं. बघणाऱ्यांना ते दिसणार नव्हतं, फक्त हलताना कळणार होतं. हॉलमध्ये सतरंज्यांवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, तिळगुळाच्या पुड्या मांडीवर, जरीच्या काळ्या साड्या. जिजी पहिल्या रांगेत, भिंतीला टेकून, शेजारी त्यांचा करंडा. ती पोर खांबापाशी. म्हशीवालीही होती, तिच्या चेहऱ्यावर आता बघू असा भाव.

अध्यक्षबाईंनी नाव पुकारलं. मी पायऱ्या चढून वर गेले आणि वळले. आणि झालं. सगळे चेहरे माझ्याकडे. अध्यक्षबाईंची मुलगी मोबाइल त्या मोठ्या स्पीकरला जोडत होती आणि तो जोडला जात नव्हता. मला वाटलं, ही सुरतेची गोष्ट माझ्या मागे लागून इथवर आली आहे. पाय सुरू झाले. पट्टा वाजायला लागला, आधी बारीक, मग स्पष्ट. नाणी आणि घुंगरू दोन्ही. मी आवळून धरायला गेले आणि ते वाढलं. आता हसतील, मी मनात म्हटलं, आता हसतील.

कोणी हसलं नाही.

हॉल शांत झाला. कुजबुजणाऱ्या थांबल्या, तिळगुळाच्या पुड्यांचा आवाज थांबला. एकीनं लेकराला मांडीवर ओढलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. जिजींनी पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले, आणि मग एकेक करून बऱ्याच जणींनी जोडले. त्या वाट बघत होत्या. आमच्या या बायका थरथरणाऱ्या बाईला हसत नाहीत. त्यांनी लहानपणापासून कानबाईपुढे, जत्रेत, कोणाच्या ना कोणाच्या घरात बाई थरथरताना पाहिलेली असते, आणि अशा वेळी गप्प बसायचं, तिला वेळ द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ज्या समजुतीवर मी इतके दिवस चिडत होते, हसत होते, तिनंच मला त्या वेळी सांभाळून घेतलं. चूक त्यांची होती, पण ती चूक किती प्रेमळ होती हे मला वर उभं राहून दिसलं. एवढ्या बायकांनी मिळून माझी वाट बघितली असं माझ्या आयुष्यात आधी कधीही झालं नव्हतं.

आणि मग ती सुरतेची मुलगी आठवली. थरथरू द्या की. मी पाय आवळायचं सोडलं. पोट सैल सोडलं. थरथर गुडघ्यांत होती ती वर कंबरेत येऊ दिली, आणि एकदा कंबरेत आल्यावर ती माझ्या ओळखीची झाली. रोज सकाळी तुळशीपुढे मी हीच तर करत होते. मी तिला थोडी हळू केली, ती हळू झाली. जलद केली, ती जलद झाली. भीती होती, पण आता ती माझ्या हाताखाली काम करत होती.

तेव्हा मी एक चेहरा निवडला. जिजींचा. अंगात आलेल्या बाईची नजर कोणावर ठरत नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असतं. मी जिजींच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि हसले. चांगली दात दाखवून हसले, आणि कंबर उजवीकडे टाकली, छन. मग डावीकडे, छन. आणि एक भुवई उडवली, जी मी त्यांना रोज भिंतीवरून उडवते, कढीपत्ता हवा का म्हणून.

जिजी बघत राहिल्या. त्यांचे जोडलेले हात तसेच होते. मग एक हात दुसऱ्यापासून थोडा सुटला. त्यांच्या तोंडाचं बोळकं हलायला लागलं आणि मला कळलं की त्या हसतायत. आणि ते जोडलेले हात उघडून परत एकमेकांवर आले, टाळी म्हणून. एक टाळी, मग दुसरी, माझ्या पट्ट्याच्या ठेक्यावर. शेजारच्या बाईनं जिजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिनंही हात सोडले. मागेमागे सगळ्या हॉलमध्ये हात उघडत गेले. स्पीकर जोडला गेला तेव्हा अध्यक्षबाईंच्या मुलीनं गाणं लावलं आणि लगेच बंद केलं, कारण त्याची गरज राहिली नव्हती. मी टाळ्यांवर नाचले. सगळं केलं, जेवढं येत होतं तेवढं. गिरक्या घेतल्या, हात साप चालल्यासारखे सोडले, पाठ फिरवून नाचले. म्हशीवाली सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. भोंगा झाला, पाळी सुटली, तरी कोणी घरी पळालं नाही.

खांबापाशी ती पोर उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. नुसती बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. ती आशाच होती, हे मला कळलं, पण मी थांबले नाही. नंतर काही दिवसांनी ती आली, या वेळी पाया पडायला नाही. चप्पल काढून अंगणात उभी राहिली आणि विचारलं, वहिनी, कंबर अशी कशी टाकायची? मी तिला आधी पोट सैल सोडायला सांगितलं. ती आता आठवड्यातून दोनदा येते. आम्ही त्या दुसऱ्या विषयावर फारसं बोलत नाही. ती नवऱ्याबरोबर डॉक्टरकडे जाऊ लागली आहे, एवढं तिनं स्वतःहून सांगितलं. ती हसते तेव्हा फार गोड दिसते, हे मला आधी कधी कळलंच नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या दुपारी नाच संपला तेव्हा मी घामानं निथळत पायऱ्या उतरत होते. बायका भोवती आल्या. कोणी पट्टा हातात घेऊन बघत होती, कोणी विचारत होती पाठदुखीला चालतं का. एकीला तिच्या मुलीच्या लग्नात मी नाचावं असं वाटत होतं. गर्दीतून वाट काढत जिजी आल्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात करंडा. मी म्हटलं, "जिजी, आता तरी कळलं ना? मी आहे. बाजूवाली."

जिजींनी मला खाली वाकायला लावलं, कारण त्या फार ठेंगण्या आहेत. बोटाच्या टोकानं माझ्या कपाळावर कुंकू लावलं. त्या दिवशीसारखं कपाळभर नाही, नेहमी सवाष्णीला लावतात तेवढंच. पाया पडल्या नाहीत. उलट माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या दिन देवीले लायेल व्हतं," त्या म्हणाल्या. "आज तुले लावस."